अणुकचऱ्याचे दफन आणि काटकसरीचा हिशेब

जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात आस्से नावाची मिठाची जुनी खाण आहे. १९६७ ते १९७८ या काळात तेथे किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे सव्वा लाख पिंपे ठेवण्यात आली. त्यामागील तर्क वरवर पाहता बिनतोड होता. मीठ पाण्यात विरघळते. ज्याअर्थी ते कोट्यवधी वर्षे भूगर्भात टिकले, त्याअर्थी तेथे पाणी पोहोचत नाही. परंतु हा न्याय न खणलेल्या मिठाला लागू. आस्सेचा डोंगर अर्धशतकाच्या खोदाईने आतून पोखरला होता आणि शेजारची खाण तर १९०६ सालीच पाण्याने भरून गेली होती! अखेरचे पिंप ठेवल्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, १९८८ साली, खारे पाणी झिरपू लागले. २०१३ मध्ये ही सारी पिंपे वर काढण्यासाठी जर्मनीला कायदा करावा लागला.

प्लुटोनियमचा किरणोत्सार निम्म्यावर येण्यास २४ हजार वर्षे लागतात. एवढ्या दीर्घ काळाची गणिते शास्त्रज्ञ मांडतात, ती मांडलीच पाहिजेत. आस्से येथे मात्र चुकले ते अगदी जवळचे गणित. हाताशी तयार खाण होती, ती वापरली गेली.

येथे आमच्या अर्थशास्त्राचाही दोष आहे. द.सा.द.शे. ५ दराने पाचशे वर्षांनंतरच्या एक कोटी रुपयांच्या हानीचे आजचे मूल्य एक पैसाही भरत नाही. अशा हिशेबात स्वस्त जागाच नेहमी जिंकणार.

फिनलंडने वेगळा मार्ग धरला. १९८३ मध्ये जागेच्या शोधाचे वेळापत्रक आखले गेले. ओल्किलुओटोला संसदेची मान्यता मिळाली ती २००१ मध्ये. तेथे चारशे मीटरहून खोल, जुन्या कठीण खडकात नवे बोगदे खोदून तांब्याच्या कुप्या बेंटोनाइट मातीत पुरावयाच्या आहेत. तांबे टिकेल की नाही, याविषयीही वाद आहेच. तशाच रचनेबाबत स्वीडनच्या न्यायालयाने २०१८ मध्ये शंका घेतली होती. पण शंका उघडपणे, आणि पुरण्याआधी, घेतली गेली हे महत्त्वाचे.

आपल्याकडे असे खोल भांडार अद्याप नाही. तारापूरला हा कचरा काचेत बद्ध करून थंड होण्यासाठी ठेवला जातो. २०१२ मध्ये कोलारच्या बंद सोन्याच्या खाणीचे नाव पुढे येताच तेथील लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने इन्कार केला. कोलार काय किंवा आस्से काय, खाण जुनीच! काच थंड होण्यास काही दशके लागतात. तेवढ्या अवधीत सरकारने जागांच्या पाहणीचे अहवाल, पाण्याच्या नोंदींसह, जागा ठरण्यापूर्वी प्रसिद्ध करावेत.