बॅटरी खाल्ली कोणी?

दिवाळीच्या अंकात भांडण नको, काहीतरी खुसखुशीत द्या, असे संपादकांनी मला बजावले होते, आणि मी होही म्हटले होते. पण फराळाच्या ताटातली चकली घ्या. ती खुसखुशीत असते, तसे तिला काटेही असतात. तेव्हा पुढचे भांडण वाचकांनी चकली समजून चावून घ्यावे, एवढीच विनंती.

भांडण आहे एका सवयीशी. आपल्या घरातली लहानथोर माणसे दिवसातून वीस वेळा एक विधी करतात. फोन हातात घ्यायचा, अलीकडे उघडलेल्या ॲप्सची पत्त्यांसारखी चळत पडद्यावर आणायची आणि एकेक पत्ता बोटाने वर भिरकावून द्यायचा. चळत संपली की घराचा केर निघाल्यावर दिसते तसे समाधान चेहऱ्यावर पसरते. हे कशासाठी? तर म्हणे, मागे चालू राहिलेली ॲप्स बॅटरी खातात! एस.टी.च्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात, जिथे पाहावे तिथे हा केर निघतो आहे. माझे म्हणणे असे की, हा विधी निरर्थक आहे, पुष्कळदा अपायकारक आहे, आणि त्याच्या आडून ज्यांना खरा जाब विचारायला हवा ते मोकळे सुटत आहेत.

गेल्या वर्षापर्यंत मीही याच पंथातला होतो. माझी दीक्षा सुटली ती साताऱ्याच्या आत्यामुळे.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. एकटी राहते. रक्तदाबाची एक गोळी सकाळी आठला, एक रात्री आठला. विसर पडू नये म्हणून तिच्या फोनवर आठवण करून देणारे एक ॲप बसवून दिले होते. वेळ झाली की घंटा वाजे, आत्या गोळी घेई आणि बोट टेकवून ‘घेतली’ असे कळवी. दोन वर्षे हा क्रम बिनबोभाट चालला. गेल्या दसऱ्याला आम्ही सोने द्यायला गेलो, तेव्हा ती सहज म्हणाली, “अरे, ह्या फोनचं चार्जिंग दुपारीच संपतं बघ.”

झाले! आमचे चिरंजीव पुढे सरसावले. “आत्याआजी, केवढी ॲप्स उघडी ठेवली आहेस! बॅटरी टिकणार कशी?” त्यांनी चळत झाडली, बॅटरी वाचवण्याचा कडक हुकूम लावला, आणि आपल्याला बिनकामाची वाटली त्या दहा-बारा ॲप्सचा मागे राहून काम करण्याचा परवाना काढून घेतला. त्यात गोळ्यांचे ॲपही गेले. मी शेजारी बसून श्रीखंड खात होतो आणि मुलगा कसा हुशार निघाला याचे कौतुक करीत होतो.

पाचव्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला. आत्या चक्कर येऊन ओट्यापाशी बसली होती. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तर वरचा आकडा १९०. गोळ्यांचे पाकीट पाहिले तर दसऱ्यापासून एकही गोळी कमी झालेली नाही. मी साताऱ्याला पोचलो आणि काळजीपोटी तिच्यावरच ओरडलो, “आत्या, गोळ्या का नाही घेतल्यास?”

ती ओशाळून म्हणाली, “अरे, घंटा झाली की घ्यायची, एवढंच डोक्यात बसलेलं. घंटा झालीच नाही, म्हणून मला वाटायचं, घेतली असेन मघाशीच.”

आत्या सावरली, म्हणून आज हा लेख चकलीच्या उपमेने सुरू करता आला. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी तिचा फोन घेऊन बसलो. कोणत्या ॲपने किती बॅटरी वापरली, याचा हिशेब फोनमध्येच एका पानावर मांडलेला असतो. ते पान मी जन्मात प्रथमच उघडले. पहिल्या मानावर होती कीर्तनाची चलच्चित्रे, पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून रोज तीन-तीन तास पाहिलेली. गोळ्यांचे ॲप यादीत पार तळाशी होते. दसऱ्याआधीच्या दिवसांतसुद्धा त्याच्या नावावर एक टक्काही नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच!

आता या पंथाची सूत्रे एकेक करून तपासू.

पहिले सूत्र असे की, चळतीत दिसते ते ॲप चालूच असते. हे साफ खोटे आहे. ती चळत म्हणजे अलीकडे वापरलेल्या ॲप्सची यादी; हल्ली काम करीत असलेल्यांची नव्हे. त्यांतली बहुतेक गोठवून ठेवलेली असतात. नाटकात प्रवेश संपलेला नट विंगेत बसून असतो. रंगमंचावरचा दिवा काही त्याच्यासाठी जळत नाही. आयफोनवर २०१० साली अनेक ॲप्स एकदम उघडी ठेवण्याची सोय आली, तीच मुळी गाणी वाजवणे, रस्ता दाखवणे अशा ठरावीक कामांपुरती. अँड्रॉइडच्या २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून तर फोन पडदा मिटून निश्चल पडला, की तो ॲप्सची मागची कामे रोखून धरतो आणि मधूनमधून थोडा वेळ दार उघडून ती एकदम उरकून घेतो. २०१८ च्या नवव्या आवृत्तीने त्यापुढे जाऊन, मालक कोणते ॲप किती वापरतो हे पाहून त्यांची प्रतवारी लावायला सुरुवात केली. म्हणजे आपण ज्या घराचा केर काढतो, तिथे मोलकरीण आधीच येऊन गेलेली असते.

दुसरे सूत्र असे की, फोनची स्मृती रिकामी केली की वीज वाचते. फळा अक्षरांनी भरलेला असो की कोरा, भिंतीला त्याचे ओझे सारखेच. फोनच्या कामचलाऊ स्मृतीचे तसेच आहे. ती भरलेली असो वा रिकामी, तिला जागे ठेवायला वीज जवळपास तितकीच लागते. उलट झाडून टाकलेले ॲप दहा मिनिटांनी पुन्हा उघडले, की ते साठ्यातून नव्याने वाचायचे, नव्याने मांडायचे. त्याला वीज जास्त पडते. मी हे आत्याला समजावू लागलो, तर तिला ते माझ्याआधी कळले. ती म्हणाली, “आमच्या सासूबाई रात्री निखारा राखेत पुरून ठेवत. सकाळी फुंकर घातली की चूल तयार. रोज निखारे विझवणारी सून त्यांना उधळी वाटायची!” संगणकशास्त्रातले एक तत्त्व साताऱ्याच्या स्वयंपाकघरात इतके दिवस राखेखाली झाकलेले होते.

आणि हे काही माझ्या एकट्याचे तर्कट नव्हे. मार्च २०१६ मध्ये ॲपलला एका ग्राहकाने विचारले, तुम्ही स्वतः ॲप्स वारंवार बंद करता काय, आणि त्याने बॅटरी वाचते काय? दोन्ही प्रश्नांना कंपनीचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिघी यांचे उत्तर ‘नाही’ असे होते. त्याच सुमारास अँड्रॉइडचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही हाच निर्वाळा दिला. धंद्यात एकमेकांचे तोंड न पाहणारी दोन घराणी ज्या एका गोष्टीवर एकमत होतात, ती आपण दहा वर्षे झाली तरी ऐकत नाही!

विरोधी बाजूचे म्हणणे मी दडपणार नाही. खादाड ॲप्स असतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयफोनवरच्या फेसबुकच्या ॲपविरुद्ध बोभाटा झाला, तेव्हा त्या कंपनीनेच दोष मान्य केला. चलच्चित्र पाहून माणूस बाहेर पडला, तरी ॲपमधली ध्वनीची जोडणी निःशब्द चालूच राहात होती. तुम्ही कुठे आहात याची अखंड चौकशी करणारी ॲप्सही बॅटरी खातात. घाटात किंवा कोकण रेल्वेच्या वाटेवर संपर्क क्षीण झाला, की मनोऱ्यापर्यंत आवाज पोचवण्यासाठी फोनला अधिक जोर लावावा लागतो. तिथेही बॅटरी उतरते. हे सारे कबूल. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? चोर असेल तर हिशेबाचे पान उघडून त्याला नावानिशी धरा. एका चोरासाठी सगळ्या वाड्याला फटके मारणे हा न्याय कुठला?

हे फटके केवळ आपणच मारतो असेही नाही. फोन बनवणाऱ्या काही कंपन्या आपल्या फोनमध्ये मूळ अँड्रॉइडपेक्षाही कडक जल्लाद बसवतात. मालकाला न विचारता ॲपचा गळा दाबला जातो. मग गजर होत नाही, निरोप तासाभराने पोचतो, पावले मोजणारे यंत्र अर्ध्या वाटेत मुके होते. असे का करतात? कारण बॅटरी किती तास टिकते हे जाहिरातीत ठळक छापता येते. न वाजलेल्या घंटांचा आकडा कोणी छापीत नाही. त्यावर कडी म्हणजे बॅटरी वाढवून देतो म्हणणारी ती फुकट ॲप्स! ती स्वतःच अष्टौप्रहर मागे जागी राहतात आणि वर जाहिराती दाखवतात. रखवालदाराने कोठारात बसून धान्य खावे आणि उंदरांच्या नावाने बोटे मोडावीत, तसला हा प्रकार.

आता मुख्य आरोप. आत्याचे चार्जिंग दुपारी संपत होते, हे खरेच होते. पण का? तीन तासांच्या कीर्तनाने पूर्वी ते संपत नव्हते. फोन चार वर्षांचा झाला होता आणि बॅटरी म्हातारी झाली होती! लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली; तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध थोरच, पण ही बॅटरी उन्हाने, उष्णतेने आणि भरण्या-उतरण्याच्या प्रत्येक फेरीने थोडी थोडी झिजते. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांबाबत ॲपल स्वतःच सांगते की, पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर बॅटरीची मूळ क्षमता ८० टक्के राहावी अशी रचना आहे. रोज एक फेरी धरली तर हे दीड वर्षाच्या आतले गणित झाले. झिजणारी वस्तू झिजली यात गुन्हा नाही. ती सहज बदलता येऊ नये अशी चिकटवून ठेवणे, हा गुन्हा आहे. पूर्वीच्या फोनची पाठ नखाने उघडे. वाण्याच्या दुकानातून बॅटरी आणावी आणि बसवावी. आत्याच्या फोनसाठी मी अधिकृत सेवाकेंद्रात गेलो, तर तिथल्या गृहस्थांनी फोनकडे नीट पाहिलेही नाही. “काका, एवढ्यात नवाच येईल,” म्हणाले. शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने पाठ शेकवून गोंद सोडवला आणि बाराशे रुपयांत बॅटरी बदलून दिली.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले की, बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करीत होते. फोन अचानक बंद पडू नये हा हेतू, असे त्यांनी सांगितले. पण मालकांना आधी स्पष्ट कळवले नव्हते. कंपनीने माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ वर आणली. पुढे २०२० मध्ये फ्रान्समध्ये, ग्राहकांना न सांगितल्याबद्दल, तिला अडीच कोटी युरो दंड झाला. त्या मधल्या काळात ‘फोन मंद झाला’ म्हणून किती बापड्यांनी ॲप्स झाडली असतील, याची कल्पना करा!

या सवयीवर माझा खरा राग आहे तो इथे. आपल्या हाती केरसुणी दिली, म्हणजे आपण स्क्रू-ड्रायव्हर मागत नाही. फोन लवकर उतरतो, तो माझ्याच अव्यवस्थितपणामुळे, असे एकदा मनावर ठसले, की बॅटरी बदलता का येत नाही, हा प्रश्न ओठांवर येतच नाही. युरोपात तो विचारला गेला. तिथल्या २०२३ च्या कायद्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता आली पाहिजे. दीर्घकाळ टिकणाऱ्या बॅटऱ्यांना त्यातून काही सवलती आहेत, तरी मूळ तत्त्व मान्य झाले. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. पण ग्राहक केर काढण्यात दंग असला, तर समित्यांना घाई कोण लावणार?

उद्या भाऊबीजेला तुम्ही ओवाळून घ्यायला जाल. ताई, आत्या, मावशी फोन पुढे करून म्हणेल, “जरा बघ रे, चार्जिंग टिकत नाही.” तेव्हा कृपा करून ती चळत झाडू नका. हिशेबाचे पान उघडा. पडद्याचा उजेड थोडा उतरवा. गोळ्यांचे, गजराचे ॲप मोकळे आहे ना, ते पाहा. आणि फोन जुना असेल, तर ओवाळणीच्या ताटात नवी बॅटरी घाला. साडीपेक्षा ती स्वस्त पडेल.

आत्याचा फोन आता रात्रीपर्यंत चालतो, कीर्तनासकट. परवा रात्री तिच्याशी बोलत होतो, तेवढ्यात तिकडे घंटा वाजली. “थांब रे, आठ वाजले,” म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवला. पाण्याच्या भांड्याचा आवाज आला. परत येऊन तिने पहिले विचारले ते आमच्या चिरंजीवांबद्दल, “दिवाळीला येतोय ना तो? त्याला सांग, ये म्हणावं. पण माझ्या फोनला हात लावायचा नाही!”