किनाऱ्याची अरुंद वाट



मोटरहोम घेऊन स्कॉटलंडचा उत्तर किनारा पाहण्याचा मानस असेल, तर पुढील गोष्टी ध्यानी असाव्यात. इन्व्हर्नेसहून निघून पुन्हा तेथेच येणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा मार्ग २०१५ साली ह्या नावाने पुढे आला. त्याची लांबी ५१६ मैल. सागर आणि पर्वत यांचे असे सान्निध्य क्वचितच लाभते. तथापि रस्ता कित्येक ठिकाणी एकपदरी आहे. बाजू देण्याकरिता मधून मधून जागा ठेवलेल्या असतात. तेथे गाडी लावून चहास बसू नये. समोरच्यास वाट द्यावी, तशीच मागून येणाऱ्यासही द्यावी. तो रुग्णाकडे निघालेला डॉक्टर असू शकेल. ६२६ मीटर उंचीचा बेलाख ना बा हा घाट मोटरहोमला योग्य नाही. शील्डेगवरून किनाऱ्याच्या रस्त्याने ॲपलक्रॉस गाठावे. २००३ च्या कायद्याने तेथे सर्वांना मुक्त संचाराचा हक्क दिला आहे. परंतु मोटार वाहने त्यातून वगळली आहेत. म्हणून रात्रीचा मुक्काम अधिकृत तळावरच करावा आणि सांडपाणीही तेथेच सोडावे. आपण चार दिवसांचे पाहुणे. तेथील रहिवाशांना मात्र तोच रस्ता बारा महिने वापरावयाचा असतो.