शेणामुताचा हिशेब

यंदाच्या अंकाचा विषय कळवला, तेव्हा दोघा-तिघा लेखकांनी उलट फोन करून खात्री करून घेतली. ‘शेण म्हणजे आपले शेणच ना?’ एका जाहिरातदाराने तर आपली मिठाईची जाहिरात त्या पानांपासून लांब छापायची अट घातली. (ती आम्ही पाळली आहे.) वास्तविक दिवाळीइतका शेणाला मान देणारा दुसरा सण नाही. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, अंगणात सडा पडतो. पश्चिम महाराष्ट्रात कित्येक घरांपुढे अजून शेणाच्या गवळणी आणि पांडव मांडतात, पाडव्याला कुठे शेणाचा बळीराजा बसतो. हे चार दिवस सरले की उरलेले वर्षभर शेण कुठे जाते, एवढाच आमचा प्रश्न होता. उत्तर मात्र विहिरीपासून द हेगपर्यंत पसरलेले निघाले.

2019च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 40 लाख गाई-बैल आणि 56 लाख म्हशी आहेत. संकरित गाय दिवसाला वीस किलो शेण सहज टाकते. गावरान जनावरे धरून सरासरी दहाच किलो मानले, तरी राज्यात रोज जवळपास दोन लाख टन शेण पडते. मुताचा तर कोणी हिशेबच धरत नाही, आणि खरा घाटा तिथेच आहे. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकी साधारण निम्मे नत्र मुतातून जाते, पालाशाचाही मोठा वाटा मुतातच असतो. स्फुरद तेवढे शेणात राहते. म्हणजे शेण पाटीत भरून उकिरड्यावर नेणारा शेतकरी अर्धाच ऐवज उचलत असतो.

पूर्वी गोठ्याची जमीन मुरमाची असे. गव्हाणीत खाऊन उरलेली चिपाडे जनावरांच्या पायाखाली पडत, मूत शोषून घेत आणि तशीच उकिरड्यावर जात. उन्हाळ्यात कित्येक जण गोठ्यातली वरची माती खणून शेतात टाकत आणि नवा मुरूम भरत. मग कोबा आला, पाण्याचा पाईप आला. गोठा लख्ख झाला, जनावरांच्या कासेचे आजार कमी झाले, दुधाची प्रत सुधारली. हे सगळे खरे आणि हवेच होते. पण पाईप मारला की मूत आणि पातळ शेण पाण्याबरोबर आधी गटारात आणि गटारातून ओढ्यात जाऊ लागले. मुताची वेगळी नाली काढून ते टाकीत किंवा खताच्या खड्ड्यात सोडायचे, ही गोठा बांधतानाची किरकोळ खर्चाची गोष्ट राहून गेली.

उकिरड्याची कथा वेगळी नाही. उघड्यावर, उन्हात, गावच्या उताराला ढीग. वैशाखात त्यातले नत्र अमोनिया होऊन उडते. सकाळी ढीग उकरला की नाकात झणझणते तो हाच वायू. मृगाचा पाऊस आला की ढिगाखालून चहाच्या रंगाचे पाणी निघते आणि उतार शोधते. उताराला बहुतेक वेळा आड किंवा हातपंप असतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त झाले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुने ही मर्यादा ओलांडणारे निघाले. त्यात युरियाचा वाटा आहे, संडासांचा आहे आणि उकिरड्यांचाही आहे. तळ्यात उतरणारे स्फुरद जलपर्णी पोसते, ते आणखी वेगळे.

एवढ्यावरही थांबत नाही. चैत्रात शेतात ओळीने खताचे ढीग टाकून ठेवायची आपली रीत. गाडी रिकामी झाली की काम झाले. ते ढीग महिना-महिना उन्हात वाळतात आणि पेरणीच्या तोंडावर विसकटले जातात, तोवर नत्राचा बराच भाग हवेत गेलेला असतो. ज्या दिवशी खत टाकले त्याच दिवशी पसरून कुळव फिरवला, तर तेच खत दीडपट कामाचे ठरावे. याला कुठली योजना लागत नाही, अनुदान लागत नाही. बहुधा म्हणूनच यावर कोणी भाषण करत नाही.

याउलट ही विद्या ज्यांना पक्की ठाऊक आहे, ते धनगर दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागतात. शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतो, रात्रीच्या मुक्कामाचे धान्य किंवा पैसे देतो. मेंढ्या रात्रभर वावरात बसतात. लेंड्या आणि मूत दोन्ही थेट मातीत जिरतात. दुसऱ्या रात्री वाडा थोडा पुढे सरकतो, असे करत सगळे रान खतावले जाते. वाहतूक नाही, ढीग नाही, गटार नाही. खतव्यवस्थापनावरच्या जाडजूड मार्गदर्शिका शेवटी ‘योग्य जागी, योग्य प्रमाणात’ एवढेच सांगतात. ते गाडीशिवाय जमवणाऱ्या या माणसांची चराईची रानेच आता आक्रसत चालली आहेत. सत्त्व मातीतच राखायची ही काळजी जुनी आहे. महात्मा फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना डोंगरावरचे कुजलेले सत्त्व पावसाबरोबर ओढ्याखोड्यांत वाया जाऊ नये, म्हणून सरकारने फौजेतल्या आणि पोलिसांतल्या फाजील माणसांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, असे सुचवले होते. मातीचे सत्त्व वाहून जाणे हा सरकारी कामाचा विषय आहे, हे त्यांना तेव्हा दिसले होते.

आजच्या गोठ्याची अडचण मात्र फुल्यांच्या काळात नव्हती. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बाएफ संस्था उभी केली आणि संकरित गाय खेडोपाडी पोहोचवली. तिच्या रक्तातले होल्स्टीन फ्रिजियन हे वाण नेदरलँडच्या बाजूचे. गाय आली, दूध आले, पण त्या देशाला तिने काय शिकवले ते आपल्याकडे आले नाही. तिथे जमीन थोडी आणि गाई फार. चारा-पेंड परदेशातून येते, दूध-चीज परदेशी जाते, शेण मात्र देशातच राहते. 1991च्या युरोपीय कायद्याने हेक्टरी वर्षाला शेणखतातून 170 किलोपेक्षा जास्त नत्र टाकायला बंदी केली. डच शेतकऱ्यांना त्यात वर्षानुवर्षे सवलत होती. 2019 मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सरकारचे नत्रधोरण रद्दबातल ठरवले, हजारो बांधकामे अडली आणि संतापलेले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन द हेगवर चालून गेले.

महाराष्ट्रात अजून ती वेळ नाही. आपल्या बहुतेक शिवारात सेंद्रिय कर्ब इतका घसरला आहे की शेणखत कितीही आले तरी कमीच पडावे. आपले दुखणे असे की जिथे गाई दाटल्या आहेत तिथे शेण मावत नाही आणि कोसावरच्या कोरडवाहू रानाला पाच वर्षांत एक गाडी मिळत नाही. ऊस-पट्ट्यातून वाढे, परजिल्ह्यातून पेंड आणि मुरघास येतो, टँकर दूध घेऊन जातो, जमा-खर्चाच्या वहीत शेणाचे पानच नसते. मुंबईने याचे टोक पाहिले आहे. तबेले शहराबाहेर न्यायचे म्हणून 1949 मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. नंतर शहरच तिला वळसा घालून पुढे गेले, आणि दहिसर, ओशिवऱ्यासारख्या नद्यांत तबेल्यांचे शेण येते ही तक्रार काही संपली नाही.

गोबरगॅस हे उत्तर आहे का? अर्धे. चार-पाच जनावरांवर दोन घनमीटरचा संच चालतो, घरची चूल भागते, मिथेन हवेत न जाता जळतो. गोवरी थापून जाळली तर नत्र धुरात जाते. संचात ते बाहेर पडणाऱ्या मळीत शाबूत राहते. पण मळी पातळ असते, ती रानात न्यायची सोय नसेल तर संच म्हणजे शेण ओढ्यात सोडायचा लांबचा रस्ता. गंजलेल्या टोप्यांचे बंद संच गावोगाव आहेतच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये डेअऱ्या आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागद चांगला आहे. तो गावातल्या दूध संस्थेच्या भिंतीपर्यंत पोहोचायला हवा. फॅट आणि एसएनएफ दशांशात मोजणाऱ्या संस्थांनी दर गोठ्यामागे आणखी दोनच गोष्टी विचाराव्यात: मूत कुठे जाते आणि शेण कोणाच्या रानात जाते. नव्या गोठ्याला कर्ज देणाऱ्या बँकेनेही तेच विचारावे, आणि उत्तर नसेल तर कर्ज थांबवावे.