पेनल्टी हुकली आणि कातडीचा रंग आठवला

११ जुलै २०२१. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर युरो चषकाची फायनल, इंग्लंड विरुद्ध इटली. १-१ बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊट झाला आणि इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सांचो, साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय. साका जेमतेम १९ वर्षांचा. सामना संपतो न संपतो तोच त्यांच्या सोशल मीडियावर माकडांच्या इमोजी आणि वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. तिघांचाही जन्म इंग्लंडमधलाच, तरी परत जा म्हणणारे होतेच. याच स्पर्धेत रहीम स्टर्लिंगने जर्मनीविरुद्ध गोल केला तेव्हा मात्र तो सगळ्यांचा होता.

रॅशफोर्डची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. लहानपणी स्वतः भूक सोसलेल्या या पोराने २०२० मध्ये सरकारला नमवले आणि सुमारे १३ लाख गरीब मुलांचे सुट्टीतले जेवण चालू ठेवायला लावले. त्यात गोऱ्यांचीही मुले होतीच ना!

तरीही काहीच बदलले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. १९७८ मध्ये व्हिव्ह अँडरसन इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. १९८० च्या दशकात जॉन बार्न्सच्या दिशेने मैदानात केळे फेकले गेले आणि त्याने ते टाचेने बाजूला सारले. वर्णद्वेषी घोषणाबाजी कायद्याने गुन्हा ठरली ती १९९१ मध्ये. म्हणजे गॅलरीतला माणूस आपोआप सुधारला नाही; खेळाडू बोलले, चळवळ उभी राहिली, मग कायदा आला. २०२१ च्या फायनलनंतर मँचेस्टरमधले रॅशफोर्डचे भित्तिचित्र विद्रूप केले गेले, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी चिठ्ठ्या आणि कागदी हृदये चिकटवून ते झाकून टाकले. ऑनलाइन शिवीगाळ करणाऱ्यांपैकी काहींना शिक्षा झाली. पुढच्या वर्षी अशांना स्टेडियमबंदी करण्याची तरतूदही कायद्यात आली.

हे सगळे आपल्याला परके वाटू नये. त्या फायनलला महिनाही झाला नव्हता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचा महिला हॉकी संघ सेमीफायनल हरला आणि हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फुटले. संघात दलित फार झाल्या म्हणून हरलो, असे तिच्या घरच्यांना ऐकवले गेले. चारच दिवस आधी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली होती. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. पण तिच्या गावातल्या भिंतीवर चिठ्ठ्या लावायला किती गावकरी पुढे आले असते?

आणि एक गोष्ट आपल्या खेळणाऱ्या पोरापोरींनी ध्यानात ठेवावी. इंग्लंडच्या मैदानावर आज कृष्णवर्णीय खेळाडू भरपूर दिसतात. कोचच्या खुर्चीवर ते मोजकेच असतात, आणि क्लबच्या मालकांत तर शोधावे लागतात. आपल्याकडे निवड समितीत कोण बसते, हे आपण कधी विचारले आहे का?