पाणी दिलं म्हणजे सिंचन झालं? शेतातलं आणि दवाखान्यातलं ‘इरिगेशन’ कुठे चुकतं, जाणून घ्या

‘इरिगेशन’ म्हटलं की धरण, कालवा आणि ठिबकच्या नळ्या आठवतात. पण डॉक्टरही हाच शब्द वापरतात. तिथे त्याचा अर्थ जखम, डोळा, कान किंवा नाक द्रवाच्या धारेने धुणं. शेतात पाणी मुरवायचं असतं, दवाखान्यात घाण वाहून न्यायची असते. पाणी किती, कोणतं आणि ते बाहेर कसं पडणार, हे प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखेच.

उसाच्या रानात मीठ का फुटतं?

सांगली-कोल्हापूर भागात कृष्णाकाठची हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली आहे. आणि ती पाण्याअभावी नव्हे, तर भरपूर पाण्यामुळे. काळ्या भारी जमिनीत निचरा सावकाश होतो. त्यात सरी तुडुंब भरण्याची सवय. जास्तीचं पाणी खाली साचतं, भूजलपातळी वर येते. मग दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार वरच राहतात. रानाला वाफसा येत नाही, मुळांना हवा मिळत नाही, टनेज घसरतं आणि शेवटी रान पडीक पडतं.

यावरचा उपाय म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करणं. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने असं काम झालं आहे. पण हे एकट्याचं काम नाही. पाइपचं पाणी सोडायला चर लागतो आणि तो शेजाऱ्याच्या रानातून जातो. खरी अडचण बहुतेकदा तिथेच येते.

उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१७ मध्ये घेतला. मात्र कालव्याची पाणीपट्टी अनेक ठिकाणी पीक आणि क्षेत्रावर आकारली जाते. पाणी कमी वापरलं तरी बिल तेवढंच येणार असेल, तर ठिबकचा खर्च कोण करेल?

दवाखान्यात काय होतं?

जखम धुताना धार फार हलकी असेल तर माती निघत नाही, फार जोराची असेल तर घाण आत ढकलली जाते. कान धुताना पाणी शरीराइतकं कोमट हवं. गार पाण्याने चक्कर येते. पडद्याला भोक असेल तर कान धुवायचाच नाही.

फवारणी करताना औषध डोळ्यात उडालं, तर दवाखाना गाठण्याआधी किमान १५ मिनिटं स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुवा. कुत्रा चावल्यावरही जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी, मग लगेच लस. हळद-चुना लावण्यात वेळ घालवू नये.

नाकाच्या बाबतीत मात्र नळाचं पाणी चालत नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने जलनेती केल्यानंतर दोघांचा मृत्यू झाला होता. ‘नेग्लेरिया फाउलेरी’ हा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. तेच पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, म्हणून धोका लक्षात येत नाही. जलनेतीसाठी पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळावं आणि कोमट झाल्यावरच वापरावं.