शंभरातले नव्वद : वैमानिकाच्या शरीरावर आलेला शतकभराचा आळ

१. विमानविद्येच्या इतिहासावरील व्याख्यानांत आणि समाजमाध्यमांवरील टिपणांत एक आकडा गेली शंभर वर्षे हिंडतो आहे. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षात मरण पावलेल्या प्रत्येक १०० ब्रिटिश वैमानिकांपैकी २ शत्रूच्या हातून गेले, ८ विमानातील दोषामुळे गेले आणि उरलेले ९० स्वतःच्याच उणिवांमुळे गेले. त्या ९० पैकी ६० थेट शारीरिक दोषांचे बळी होते. मग वैद्यकीय देखरेख सुरू झाली आणि ६० चे हे प्रमाण पुढच्या दोन वर्षांत २० वर व नंतर १२ वर आले. डॉक्टर आले, मरण ओसरले! गोष्ट फारच सुबक आहे, आणि संशय घ्यायचा तो नेमका याच सुबकपणाचा.

२. आकडा ब्रिटनच्या नावावर खपला, पण त्याचा डंका वाजला अमेरिकेत. तेथील युद्धखात्याने १९१९ मध्ये छापलेल्या ‘एअर सर्व्हिस मेडिकल’ या पुस्तिकेने तो अजरामर केला. त्या काळात थिओडोर लिस्टर आणि त्यांचे सहकारी लष्करी डॉक्टर एक नवी विद्याशाखा उभारत होते. १९१८ मध्ये लाँग आयलंडवरील हेझलहर्स्ट फील्ड येथे त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. आकडा त्यांच्या सोयीचा होता, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. परंतु ज्याला दावा जिंकायचा आहे त्याच्या साक्षीची उलटतपासणी करावी, हा इतिहासाच्या अभ्यासाचा पहिला धडा आहे.

३. उलटतपासणी ‘२’ या आकड्यापासून सुरू करावी. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश रॉयल फ्लाइंग कोअर फ्रान्समध्ये उतरली ती अवघ्या चार स्क्वाड्रन घेऊन. विमानांचे काम होते टेहळणीचे. फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेम साधून गोळ्या झाडणारे जर्मन फोकर विमान आघाडीवर आले तेच मुळी १९१५ च्या उन्हाळ्यात. म्हणजे त्या पहिल्या वर्षात हवाई लढाई जेमतेम जन्माला येत होती. शत्रूच्या हातून मेलेले थोडे होते, कारण शत्रू अजून हवेत मारायला शिकत होता. या ‘२’ वरून वैमानिकांच्या प्रकृतीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

४. आता ‘९०’. ‘स्वतःच्या उणिवा’ या एका गाठोड्यात नजरेचा दोष, थकवा, बेफिकिरी आणि अननुभव असे सारेच बांधलेले आहे. त्या काळचे शिक्षण कसे होते? मोजके तास उड्डाण, आणि विमान गिरक्या घेत कोसळू लागले तर काय करावे याचे पद्धतशीर शिक्षण जवळपास नाहीच. ज्याला पोहायला शिकवलेच नाही तो बुडाला, तर त्याच्या फुप्फुसांत दोष होता असे म्हणावे काय?

५. ‘६० वरून १२’ या घसरणीचे श्रेयही एकट्या डॉक्टरांच्या पदरात घालता येत नाही. युद्धाच्या त्याच वर्षांत विमाने बदलली आणि शिक्षणही बदलले. रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने १९१७ मध्ये गॉस्पोर्ट येथे दुहेरी नियंत्रणाच्या विमानांवर शिकवण्याची नवी पद्धत रुजवली. धोकादायक स्थिती टाळण्याऐवजी शिष्याला मुद्दाम तिच्यात नेऊन बाहेर पडायला शिकवणे, हे तिचे मर्म होते. कोंबडा आरवल्यावर उजाडते हे खरे, पण कोंबडा आरवला म्हणून उजाडत नाही.

६. याचा अर्थ वैद्यकीय तपासणी निरर्थक आहे असा मुळीच नाही. ज्याला रंग ओळखता येत नाहीत किंवा ज्याला फेफरे येते त्याच्या हाती शेकडो प्राण सोपवू नयेत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आक्षेप तपासणीवर नाही, तपासणीलाच सुरक्षितता समजण्यावर आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ हा बलून सुमारे ८,००० मीटरच्या वर गेला. तिघांपैकी क्रोचे-स्पिनेली आणि सिव्हेल मरण पावले, तिसांदिए वाचले. प्राणवायूच्या पिशव्या सोबत होत्या. त्या तोंडाला लावण्याइतके भान व बळ उरले नाही. कोणत्याही तपासणीत ही माणसे नापास झाली नसती. विरळ हवेवरचा उपाय पुढे उपकरणांतून आणि दाबयुक्त कक्षातून आला.

७. तरीही जगाने शिक्क्यावर विश्वास टाकला. १९१९ च्या पॅरिस कराराने वैमानिकांच्या तपासणीचे आंतरराष्ट्रीय निकष घातले. १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्या परिशिष्टातून आजचे तीन वर्ग आले: व्यावसायिक वैमानिकांसाठी पहिला, खासगी वैमानिकांसाठी दुसरा, हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी तिसरा. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हीच चौकट पाळते. बंगळूरची वैमानिकी वैद्यक संस्था १९५७ पासून या क्षेत्रात काम करीत आहे.

८. शिक्का काय सांगतो? तपासणीच्या दिवशी हे शरीर निकषांत बसले, एवढेच. वायली पोस्ट हे कोणत्याही साच्यात बसणारे वैमानिक नव्हते. तेलविहिरीवरील अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. याच माणसाने १९३३ मध्ये एकट्याने विमान चालवून ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. एका अपवादाने नियम मोडीत निघत नाही. पण उणीव आणि अपात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो दाखवून देतो.

९. उलट उदाहरण १८ जून १९७२ चे. लंडनहून निघालेले ट्रायडंट विमान स्टेन्सजवळ कोसळले आणि ११८ माणसे गेली. कॅप्टनच्या हृदयवाहिन्या गंभीर रोगाने ग्रासलेल्या होत्या, हे शवविच्छेदनात दिसले. प्रमाणपत्र मात्र वैध होते. चौकशीने केवळ हृदयाकडे बोट दाखवले नाही. सहकारी वैमानिक हळूहळू अकार्यक्षम होत असेल तर ते कसे ओळखावे, याचे शिक्षण नव्हते. कमी वेगात पंखाची पुढची कड आत घेतली जाऊ नये, यासाठी यंत्रात अडसर नव्हता. शिक्का फसतो तेव्हा प्राण वाचवते ती व्यवस्था, आणि नेमकी तीच तोकडी पडली होती.

१०. शिक्क्याचा आणखी एक दोष याहून खोल आहे. जे प्रमाणपत्र उपजीविका हिरावून घेऊ शकते, ते माणसाला लपवायला शिकवते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आल्प्सच्या कड्यावर विमान आदळवले. त्याच्यासह १५० माणसे मेली. तो आजारी असल्याचे अनेक डॉक्टरांना ठाऊक होते. कामावर जाऊ नये अशी चिठ्ठी फाडलेल्या अवस्थेत सापडली. परवाना गमावल्यावर येणाऱ्या आर्थिक संकटाची दखल फ्रेंच तपास अहवालानेही घेतली. कृत्य त्याचेच, दोषही त्याचाच. पण आजार उघड केल्यास सर्वस्व जाते अशी रचना ज्यांनी केली, त्यांना हात झटकता येत नाहीत.

११. अमेरिकेत २०१० पर्यंत नैराश्यावरील औषध घेणाऱ्याला विमान चालवण्याची मुभा नव्हती. त्या वर्षी चार औषधांपुरती, देखरेखीच्या अटीवर, ती मिळाली. म्हणजे त्याआधी उपचार घेणारा अपात्र आणि आजार दडवून उपचार टाळणारा पात्र! अशा नियमाला सावधगिरी म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

१२. शरीर तपासण्यात तत्पर असलेली व्यवस्था कामाचे तास तपासताना मात्र रेंगाळते. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणाआधी एक वैमानिक कोसळला आणि मरण पावला. त्या मृत्यूचे कारण थकवा होते असे ठोकून देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु पुढचा घटनाक्रम पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२४ मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे नियम जाहीर झाले. जूनपासूनची अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द होताच काही तरतुदींना तात्पुरती सूट मिळाली. प्रमाणपत्राची मुदत संपलेल्या वैमानिकाला अशी सूट मागून पाहता येईल काय?

१३. विमान परिचारिकांच्या वाट्यालाही हेच आले. १९३० मध्ये एलन चर्च या प्रशिक्षित परिचारिकेने प्रवाशांच्या सेवेत पहिले उड्डाण केले. तिच्यासारख्या तरुणींचे वय, वजन, उंची, अविवाहित असणे, सारे मोजून घेतले जाई. त्या ज्या कक्षात राबल्या तेथील धूर मात्र अनेक दशके कोणी मोजला नाही. १९९१ मध्ये मायामीत धूम्रपान न करणाऱ्या परिचारिकांनी तंबाखू कंपन्यांवर दावा लावला, तेव्हा कुठे १९९७ मध्ये ३० कोटी डॉलरची तडजोड झाली.

१४. आणि प्रवासी? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच विमान कंपन्यांच्या ११,९२० वैद्यकीय प्रसंगांची छाननी आहे. दर ६०४ उड्डाणांमागे एक प्रसंग, आणि त्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांत मदतीला धावला तो योगायोगाने विमानात असलेला डॉक्टर प्रवासी. वैमानिकाच्या हृदयाचा आलेख कपाटात जपून ठेवणारी व्यवस्था प्रवाशाचे हृदय थांबते तेव्हा ‘कोणी डॉक्टर आहे का?’ अशी हाक मारते.

१५. ‘मग तपासणी सैल करायची काय?’ असा प्रश्न येईल. नाही. तपासणी हवीच, पण आजार सांगणाऱ्याची भाकरी सुरक्षित हवी, सहकाऱ्याजवळ मन मोकळे करण्याची निर्भय सोय हवी आणि विश्रांतीचे नियम रुग्णालयाच्या अहवालाइतकेच कठोर हवेत. जर्मनविंग्जनंतर युरोपने २०१८ च्या नियमांत अशा सहकारी-आधाराची तरतूद केली. ती दयेपोटी केलेली नाही. ११८ आणि १५० या आकड्यांनी शिकवलेला तो हिशेब आहे.

१६. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘२, ८, ९०’ चा फलक मिरवला, तर तरुण अभ्यासकांनी तीन प्रश्न विचारावेत: मोजले कोणी, मोजले कधी, आणि ‘उणीव’ या शब्दाच्या गाठोड्यात काय काय कोंबले? त्या नव्वदांपैकी कितीजण शरीराने अपात्र होते हे आज सांगता येणार नाही. त्यांना पुरेसे न शिकवता आकाशात पाठवणाऱ्यांची तपासणी मात्र त्या तक्त्यात कुठेच नाही.