आधी पुठ्ठा, मग लेन्स

मुलांनो, दोन वर्षांच्या भिशीतून आमच्या घरी दिवाळीत डिजिटल एसएलआर कॅमेरा आला. या कॅमेऱ्याची गंमत म्हणजे याची लेन्स काढून दुसरी लावता येते. सोबत एक लेन्स मिळाली होती, १८-५५ ची. थोडे पैसे उरले होते, त्यात आणखी एक बसत होती. कोणती घ्यायची, यावर घरात वाद सुरू झाला.

सातवीतला भाचा म्हणाला, "मावशी, ७०-३०० घे. नान्नजला जाऊन माळढोक काढू!"

मी म्हटलं, "थांब. आधी पुठ्ठा घेऊ."

तुम्हीही करून पाहा. चपलेच्या खोक्याच्या झाकणात १२ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापा. एक डोळा मिटा. पुठ्ठा डोळ्यापासून ९ सेंटिमीटरवर धरलात, की खिडकीतून जे दिसेल तेवढेच साधारण १८ च्या लेन्समधून दिसते. २५ सेंटिमीटरवर धरा, झाली ५० ची लेन्स! हे आकडे मिलिमीटरचे आहेत. बहुतेक घरगुती एसएलआरमध्ये फोटो टिपणारा तुकडा सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा असतो. आपली खिडकी त्याच्या पाचपट, म्हणून अंतरही पाचपट धरायचे. मग ३०० साठी किती? दीड मीटर! हात पुरत नाही, पुठ्ठा मित्राला धरायला सांगा.

आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या काठावर गेलो. ९ सेंटिमीटरवर पाणी, देऊळ, आकाश सगळे मावले. २५ वर आजूबाजूचे बरेच गळाले. भाच्याने दीड मीटरवर पुठ्ठा धरला, तेव्हा देवळाचा छोटासा भागच उरला.

पण आपल्याला रोज काय लागते? कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत तो किती मिलिमीटरवर काढला हे नोंदवतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा आम्ही तक्ता केला. गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तिथले फोटो १८ च्या आसपास होते. उंच काठी आणि गर्दी दोन्ही मावायला हवी ना! बाकीचे बहुतेक ५० च्या आसपास. वर्ग, घर, माणसांचे चेहरे. आणि त्यातले घरातले फोटो हललेले.

त्यातला एक फोटो मला टोचत होता. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "बाई, आमच्या आईचा एकच फोटो हाय. बिडी कामगाराच्या कार्डावरचा." सोलापुरात हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. मी संध्याकाळी गेले. तिची आई खिडकीशी सूप घेऊन बसली होती. फोटो काढला. मुलगी बघून म्हणाली, "बाई, आईचं तोंड पुसल्यावानी दिसालंय की ओ!"

असे का झाले? एक गणित सोडवा. लेन्सवर एफ-५.६, एफ-१.८ असे आकडे असतात. मिलिमीटरला त्या आकड्याने भागले, की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास निघतो. ५० भागिले ५.६, सुमारे ९ मिलिमीटर. ५० भागिले १.८, सुमारे २८. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ आणि प्रकाश जवळजवळ नऊपट! जिथे सेकंदाचा दहावा भाग लागत होता, तिथे नव्वदावा पुरतो. हात हलायला वेळच मिळत नाही.

म्हणून आम्ही ५० ची एफ-१.८ लेन्स घेतली. सहसा ती नव्या लेन्समध्ये सर्वांत स्वस्तांपैकी असते. तिच्यात झूम नाही. जवळ जायचे तर आपले पाय! फ्रान्सचे प्रसिद्ध छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभराचे बरेचसे काम ५० मिलिमीटरच्याच लेन्सने केले. त्यांच्या कॅमेऱ्यात फिल्म मोठी होती, त्यामुळे तीच लेन्स त्यांना आपल्यापेक्षा जास्त रुंद दाखवायची. मात्र छिद्र मोठे असले, की मागेपुढे बसलेल्यांपैकी एकच चेहरा स्पष्ट येतो. वर्गाच्या फोटोला आपली १८-५५ च बरी.

पालकांनो, लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर बसते का ते आधी पाहा. निकॉनच्या काही लहान कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. जुन्या लेन्स त्यांवर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. वापरलेली लेन्स घेताना आत टॉर्च मारा, बुरशीचे जाळे दिसते.

आणि भाच्याची लेन्स? तो चुकीचा नव्हता. लांबची लेन्स पक्ष्याला न छेडता दुरून पाहू देते. पण माळढोक आता अतिशय दुर्मिळ झाला आहे. ३०० मधूनही तो लांब माळावर ठिपक्याएवढाच दिसेल. मग "अजून थोडं जवळ" म्हणत आपण त्याला उडवणार! शिकल्यावर घेऊ, असे ठरले. तो दोन दिवस फुगला होता.

परवा नवी लेन्स घेऊन मी पुन्हा त्या घरी गेले. तीच खिडकी, तीच वेळ. या वेळी बोटांमधला दोराही स्पष्ट आला. फोटो छापून नेला, तेव्हा त्या माउलीने पेटीतून कार्ड काढले आणि दोन्ही शेजारी धरले. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, केस पांढरे झाले की ओ माझे." आणि पदराने फोटो पुसून भिंतीवर लावायला लेकीकडे दिला.

तुम्हीही पुठ्ठा कापा, घरभर फिरा. कोणासमोर तो जास्त वेळ थांबतो, ते वहीत लिहा. तुमची पहिली लेन्स तीच.

— तुमच्या बाई